क्रँक आणि कॅम सेन्सरची जोडणी

गाडीचा मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) काढून स्वतः प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू बसवताना सर्वांत जास्त वेळ खाणारे काम. क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत ईसीयू ना ठिणगी पाडतो, ना पेट्रोल सोडतो.

क्रँकचा सेन्सर क्रँकवरच्या दातेरी चक्राचे दाते टिपतो. त्यातले एक-दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. ३६-१ चक्रात (३६ पैकी एक दाता गाळलेला) दर दात्याला १० अंश, ६०-२ मध्ये ६ अंश. गाळलेली जागा ही खूण. पण फोर-स्ट्रोक इंजिनाचे काम क्रँकच्या दोन फेऱ्यांत, ७२० अंशांत पुरे होते. चालू फेरी पहिली की दुसरी, हे क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरणारा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सांगतो. कॅम सेन्सर नसला तरी इंजिन चालते, फक्त दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरची एक ठिणगी वाया जाते आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर एकेक करून वेळेवर उघडता येत नाहीत.

सेन्सर दोन प्रकारचे. पहिला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारी चिप. त्याला तीन वायरी: सप्लाय, अर्थ, सिग्नल. तो सिग्नल वायर नुसती अर्थला ओढतो, म्हणून ईसीयूत पुल-अप (सिग्नल वायर एरवी सप्लायकडे ओढून धरणारा रेझिस्टर) नसेल तर बाहेरून साधारण १ ते ५ किलोओहमचा रेझिस्टर लावावा लागतो. मल्टिमीटरने हॉल सेन्सरचे ओहम मोजून उपयोग नाही.

दुसरा प्रकार चुंबक-कॉइलचा, वायरी दोनच. इंदुरातले दुचाकीचे मिस्त्री याला पल्सर कॉइल म्हणतात, आणि मराठी घरातली पोरेही दुकानात तेच नाव सांगतात. सेल्फ मारताना हा जेमतेम व्होल्टभर देतो, वरच्या आरपीएमला कित्येक दहा व्होल्ट.

खरी गोम या चुंबक-कॉइलच्या दोन वायरींच्या दिशेत. सरळ जोडल्यास व्होल्टेज दात्याच्या मध्यावर झपकन शून्य ओलांडते आणि ईसीयू तोच क्षण धरतो. उलट जोडल्यास ईसीयू दोन दात्यांमधली खाच मोजतो. मग ३६-१ मध्ये दुप्पट लांबीच्या एका अंतराऐवजी दीड-दीड पटीची दोन अंतरे दिसतात, आणि गाळलेल्या जागी सिग्नलची रेषा इतकी सपाट असते की जरासा विजेचा गोंगाटही ती हलवतो. गाळलेली जागा ओळखायची सॉफ्टवेअरची मर्यादा ढिली असेल तर इंजिन तरीही सुरू होते! इंदूरच्या राजवाडा-सराफ्याच्या गर्दीत काही कळत नाही. बायपासवर गाडी ताणली की मिस मारते आणि खापर गाडीतल्या फ्युएल पंपावर फुटते. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे खरा, पण एवढ्यासाठी तिकडे जायची गरज नाही. सिग्नलची रेषा पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर ही चूक जागच्या जागी दिसते.

सेन्सरची वायर पिळलेली आणि शिल्डची (वरून धातूचे आवरण असलेली) घ्यावी. शिल्ड फक्त ईसीयूच्या बाजूला अर्थ करावे, आणि सेन्सरचा अर्थ चेसिसला न देता ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंडला द्यावा. इग्निशन कॉइलच्या वायरींपासून लांब ठेवावी.

शेवटी सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) १० अंशांवर गोठवून टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, क्रँकच्या पुलीवरच्या खुणेवर धरतात आणि आरपीएम वाढवतात. खूण जागची हलली तर आधी चुंबक-कॉइलच्या त्या दोन वायरी अदलाबदल करून पाहतात. म्हणूनच त्यांच्यावर स्लीव्ह सगळ्यांत शेवटी चढवतात.