निळ्या पडद्यामागचा एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४. भारतात सकाळचे पावणेदहा वाजत आले होते, तेव्हा जगभरातले विंडोज संगणक एकामागोमाग एक निळे पडू लागले. विमानतळांवर चेक-इन ठप्प झाले, आपल्याकडे इंडिगोच्या प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. पहिला राग विंडोजवर निघाला, कारण पडदा विंडोजचा होता. तो पडदा विंडोज मुद्दाम लावते, आणि तसे करते हे चांगलेच आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्कवर काय लिहायचे, प्रोसेसर कधी कोणाला वापरू द्यायचा, हे सगळे तोच ठरवतो. ब्राउझर चुकला तर कर्नेल त्याला बंद करतो आणि बाकीची कामे चालू राहतात. चूक कर्नेलच्या आतच झाली तर मात्र सावरायला वर कोणी नसते. मेमरीतल्या कुठल्या माहितीवर विश्वास ठेवायचा हेच कळेनासे होते आणि तशाही स्थितीत काम रेटले तर डिस्कवरच्या फाइली कायमच्या बिघडू शकतात. म्हणून विंडोज सगळे जागच्या जागी थांबवते, त्या क्षणी मेमरीत काय होते याची नोंद डिस्कवर उतरवते आणि मशीन रीस्टार्ट करते. या नोंदीला डम्प म्हणतात. लिनक्समध्ये असा प्रसंग आला की त्याला कर्नेल पॅनिक म्हणतात, आणि तिथेही डम्प घेण्याची सोय असते.

त्या दिवशी अनेक पडद्यांवर एका ड्रायव्हरचे, म्हणजे कर्नेलला जोडून चालणाऱ्या प्रोग्रॅमचे, नाव होते: सीएसएजंट. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या फाल्कन सॉफ्टवेअरचा हा भाग. हल्लेखोरांवर अगदी खालून नजर ठेवता यावी म्हणून तो कर्नेलमध्ये चालतो. तिथे चालणारा ड्रायव्हर दुसऱ्या कंपनीचा असला तरी तो चुकला की अख्खी यंत्रणा थांबते.

आता डम्पच्या आत पाहू. विनडीबीजी हा मायक्रोसॉफ्टचा डीबगर, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक शोधण्याचे साधन, फुकट मिळतो. त्यात डम्प उघडली की ज्या सूचनेवर प्रोसेसर अडखळला, नेमकी तीच समोर येते. इथे ती अशी होती: आर८ या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागेत) जो पत्ता आहे तिथून चार बाइट वाच आणि आर९ मध्ये ठेव. त्या पत्त्यावर वाचण्यासारखी मेमरीच नव्हती, म्हणून सगळे कोसळले.

एवढ्यावरून काहींनी निकाल देऊन टाकला. एका डम्पच्या चित्रात वाचायचा पत्ता १५६ इतका छोटा दिसत होता. शून्याजवळचा पत्ता म्हणजे बहुधा नल पॉइंटर, म्हणजे पत्ता भरायचाच राहून गेला. त्या सकाळी क्राउडस्ट्राइकने पाठवलेल्या अपडेटची फाइल नुसत्या शून्यांनी भरलेली होती, असेही पसरले. पण मायक्रोसॉफ्टने नंतर जी डम्प उलगडून दाखवली, तिच्यात त्या सूचनेच्या थोडे आधी आर८ शून्य आहे का याची तपासणी होती. तो शून्य नव्हता. चार एफने सुरू होणारा लांबलचक आकडा होता (असे पत्ते सोळा-आधारी पद्धतीत लिहितात, तिथे एफ हाही अंकच), कर्नेलचा पत्ता शोभावा असा. या तपासातला सर्वांत बोलका पुरावा मला हाच वाटतो. एका मशीनवर एक पत्ता, दुसऱ्यावर भलताच. याचा अर्थ ड्रायव्हरने मेमरीत जे काही पडले होते तेच पत्ता समजून उचलले. कुठेतरी तो हद्दीबाहेर वाचत होता.

हद्द कुठे ओलांडली गेली, हे क्राउडस्ट्राइकने ६ ऑगस्टला प्रसिद्ध केलेल्या अहवालात आले. फेब्रुवारीत आलेल्या एका नव्या प्रकारच्या तपासणीसाठी २१ रकाने ठरवले होते, पण ड्रायव्हरकडून प्रत्यक्षात २० रकान्यांचीच माहिती पुरवली जात होती. महिनोन्‌महिने काही बिघडले नाही, कारण तोवरच्या अपडेटमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असायची आणि त्यामुळे तो कधी वाचलाच जात नसे. चाचण्यांमध्येही तीच खूण होती. अपडेट बाहेर पडण्यापूर्वी तपासणारा प्रोग्रॅमही २१ रकान्यांची माहिती येणार असेच धरून चालला होता. १९ जुलैच्या अपडेटमध्ये, म्हणजे चॅनेल फाइल २९१ मध्ये, पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्याशी खरोखर तुलना करायला सांगितले गेले. ड्रायव्हर विसाच्या पुढे गेला, आणि तिथे कोणाचीतरी भलतीच माहिती होती.

डम्पमध्ये दिसते ते पडल्याचे ठिकाण. ठेच त्याच्या कितीतरी आधी लागलेली असू शकते. इथे ती फेब्रुवारीतली होती.

सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी असंख्य मशीनना त्याचा उपयोग झाला नाही. हा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड होतो, त्यामुळे दुरुस्त फाइल नेटवरून येण्याआधीच संगणक पुन्हा कोसळत होता. शेवटी माणसांनी एकेका मशीनपुढे बसून सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू करून) ती फाइल काढली. जिथे बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) होते तिथे आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधावी लागली. त्या कर्मचाऱ्यांच्या कष्टांची बातम्यांमध्ये पुरेशी दखल घेतली गेली नाही.

तुमच्या घरच्या संगणकावर असा पडदा आला (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला आहे), तर स्टॉप कोड (पडद्यावर दिसणारा चुकीचा संकेत) आणि ड्रायव्हरचे नाव यांचा फोटो काढून ठेवा. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमध्ये मिनीडम्प नावाचा फोल्डर असतो. सफाईच्या नादात तो रिकामा करू नका, दुरुस्ती करणाऱ्याला तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो. दरवेळी एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल तर तो अपडेट करून किंवा जुन्या आवृत्तीवर नेऊन पाहा. दरवेळी वेगळा कोड आणि वेगळे नाव येत असेल तर रॅमवर संशय घ्या. ती तपासण्याची सोय विंडोजमध्येच आहे, विंडोज मेमरी डायग्नोस्टिक या नावाने.