फिल्टर मोठा असला की पाणी बदलायला नको?

टाकीत पाळायला ऑस्कर मासा घेणाऱ्याला वर्षानुवर्षं हेच ऐकवलं जातं: फिल्टर दणकट लावा, पाणी बदलायची कटकट संपली. हे साफ चुकीचं आहे, आणि त्याची किंमत मासा मोजतो.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा भांडखोर मासा फूटभर वाढतो. खाताना पाहा, चावलेल्या दाण्याचा भुगा कल्ल्यांतून धुरासारखा बाहेर येतो. तो भुगा आणि विष्ठा यांतून अमोनिया होतो. फिल्टरमधल्या स्पंजावर नि सिरॅमिकच्या नळ्यांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. बहुतेक फिल्टरचं काम इथेच थांबतं. नायट्रेट साचतच जातं, पाणी कितीही नितळ दिसलं तरी. म्हणून दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलायचंच, नवीन पाण्यातला क्लोरीन घालवून.

मोठा फिल्टर हवाच. ४०० लिटरच्या टाकीला ताशी निदान १६०० लिटर फिरवणारा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) बघा. मात्र खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत मीडिया, म्हणजे स्पंज नि नळ्या, भरला की धार कमी होते.

आणि स्पंज कृपा करून नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच तो पिळा.