मेंदूत स्टेंट बसला म्हणून गोळ्या सोडू नका

निपाणी-खानापूरकडं एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यावर, म्हणजे अॅन्युरिझमवर, स्टेंट (धातूच्या जाळीची बारीक नळी) बसवला की धोका संपला, रक्त पातळ करायच्या गोळ्या सोडल्या तरी चालतं. हे चूक आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

हृदयातला स्टेंट तुंबलेली वाट उघडतो. मेंदूतला फुग्याच्या तोंडावर आडवा बसतो. काही स्टेंट फुग्यात भरलेल्या कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, धरून ठेवतात. ‘फ्लो डायव्हर्टर’ची दाट जाळी रक्ताचा ओघ सरळ पुढं वळवते. मग फुग्यातलं रक्त हळूहळू थिजतं, जाळीवर नवं अस्तर चढतं. त्याला महिने लागतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या १०८ रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के फुगे पूर्ण बंद झाले होते; ५.६ टक्के रुग्णांना मात्र मोठा पक्षाघात किंवा मेंदूच्या कारणानं मृत्यू आला. उपचार चांगला आहे, बिनधोक नाही.

अस्तर चढेपर्यंत उघड्या धातूवर गुठळी धरू शकते. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या ती टाळण्यासाठीच असतात. बेळगावला दात काढायला गेलात तरी गोळी परस्पर थांबवू नका, आधी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारा. ‘एमआरआय कायमचा बंद’ हेही खरं नाही; बहुतेक स्टेंटना तो ठरावीक अटींवर चालतो, फक्त स्टेंटचं कार्ड सोबत न्या.