प्रतिकारशक्ती अपुरी, तरी ती स्वतःवर कशी उलटते?

१९५० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट गुड यांच्यापुढे एक पेच होता. त्यांच्याकडच्या काही रुग्णांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन जवळजवळ नव्हतेच. म्हणजे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे त्यांच्या शरीरात तयारच होत नव्हती. न्यूमोनिया, सायनस, कानातून पू येणे हे त्यांच्या पाचवीला पुजलेले. पण यातल्या काहींचे गुडघे आणि बोटांचे सांधेही सुजत, आखडत, आणि चित्र थेट आमवातासारखे दिसे. आमवातात रक्तातल्या प्रतिपिंडांचा हात असावा, असे तेव्हा मानले जाऊ लागले होते. मग ज्याच्याकडे प्रतिपिंडेच नाहीत, त्याला हा आजार कसा? १९५७ मध्ये गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन्ही आजार एकाच रुग्णात दिसल्याची नोंद प्रसिद्ध केली. अशा काही रुग्णांच्या सांध्यांत मायकोप्लाझ्मा जातीचे जंतू लपलेले असतात, हे पुढे कळले. तरी सगळ्यांचा उलगडा तेवढ्याने होत नव्हता.

आपल्याकडे कोविडनंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द काढ्यापासून च्युइंगमपर्यंत सगळ्यावर छापून आला. त्यामागची समजूत साधी आहे: ही शक्ती कमी पडली की जंतुसंसर्ग, फाजील झाली की ऑटोइम्यून आजार, म्हणजे ती स्वतःच्याच शरीरावर उलटणे. म्हणजे दोन्ही आजार एका पट्टीच्या दोन टोकांना. प्रत्यक्षात ते वारंवार एकाच घरात, पुष्कळदा एकाच शरीरात सापडतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय नोंदणीतल्या जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या २,१८३ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या २६.२ टक्के रुग्णांना ऑटोइम्यून किंवा दाहाचा किमान एक आजार होता. स्वतःच्याच रक्तपेशी नष्ट करणारे आजार तर सर्वसाधारण लोकांच्या मानाने किमान १२० पट जास्त.

ही पट्टी चुकीची आहे हे कळायला वैद्यकाला एवढा वेळ का लागला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जर्मनीत पॉल एर्लिख आणि युलियुस मॉर्गेनरोट यांनी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचे रक्त टोचून पाहिले. परक्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, स्वतःच्या पेशींविरुद्ध मात्र झाली नाहीत. शरीर स्वतःला विषारी ठरेल असे काही करायला बिचकते, असे एर्लिख यांनी म्हटले आणि त्याला ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असे भारदस्त लॅटिन नाव दिले. हे बिचकणे शरीरातल्या कसल्या तरी नियंत्रणामुळे असावे, असे त्यांच्या लिखाणात होते. पुढच्या पिढ्यांनी मात्र त्याचा अर्थ ‘असे होऊच शकत नाही’ असा घेतला. मोठ्या माणसाच्या वाक्याचे होते तेच झाले. १९०४ मध्येच व्हिएन्नात डोनाट आणि लांडस्टायनर यांनी थंडीने तांबड्या पेशी फुटण्याच्या एका आजारात स्वतःविरुद्धचे प्रतिपिंड दाखवून दिले होते. ते अपवाद म्हणून बाजूला पडले.

ही कोंडी १९५६ मध्ये फुटली. अमेरिकेत बफेलो इथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना त्यांच्याच थायरॉइडचा अर्क टोचून थायरॉइडचा दाह घडवून आणला. विटेब्स्की हे एर्लिख यांच्या शिष्याचे शिष्य. गुरुघराण्याच्या विरुद्ध जाणारा निष्कर्ष छापताना ते सहजासहजी तयार झाले नसावेत. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि कॅम्पबेल यांना हाशिमोटो आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे सापडली.

दुसरीकडे प्रतिकारशक्तीच्या कमतरतेचा अभ्यास नुकताच सुरू झाला होता. १९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात कर्नल ऑग्डेन ब्रूटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. न्यूमोकॉकसचा संसर्ग त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा शिरत असे. रक्तातली प्रथिने विजेच्या प्रवाहात वेगळी करण्याचे यंत्र तेव्हा नवे होते. त्यात त्या मुलाचे रक्तद्रव घातले, तर गॅमा ग्लोब्युलिनचा उंचवटा आलेखावर उमटलाच नाही. ब्रूटन यांनी त्याला दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलिन त्वचेखाली द्यायला सुरुवात केली आणि संसर्ग थांबले. या आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले, त्याला ब्रूटन यांचेच नाव मिळाले, संक्षेपात बीटीके. आता याच जनुकातून बनणाऱ्या बीटीके प्रथिनाला अडवणारी औषधे आली आहेत. त्यातले रिल्झाब्रुटिनिब अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये आयटीपीसाठी, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट खाते त्या आजारासाठी, मंजूर झाले. जे प्रथिन नसल्याने एक मूल मरणाच्या दारात जाते, तेच बंद करून दुसऱ्याचे रक्त सावरते.

तरी ही दोन खाती वेगळीच राहिली. कमतरता बालरोगवाल्यांकडे, ऑटोइम्यून आजार संधिवातवाल्यांकडे. यांना जोडणारा एक धागा योगायोगाने स्वित्झर्लंडमध्ये हाती आला. बर्नमध्ये पाउल इम्बाख यांच्याकडे प्लेटलेट घसरलेला एक मुलगा होता. आधीच्या उपचारांनी त्याची प्रतिपिंडेही खालावली होती. संसर्गापासून वाचावा म्हणून त्याला शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे, दिले, आणि प्लेटलेट झपाट्याने वर आल्या. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लहान मुलांवरचा याबाबतचा अनुभव छापून आला. तेव्हापासून तीच बाटली दोन प्रकारच्या रुग्णांना लागते. कमतरतेत महिन्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम, तर ऑटोइम्यून आजारात किलोमागे एकूण दोन ग्रॅमपर्यंत. मोठ्या मात्रेत ती प्रतिकारयंत्रणेला शांत का करते, याची अनेक उत्तरे दिली जातात. एकावर सगळे ठाम नाहीत.

खरी उकल प्रयोगशाळेतल्या उंदरांनी केली. जपानमध्ये नागोयाच्या आयची कर्करोग केंद्रात निशिझुका आणि साकाकुरा यांनी उंदरांची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली. ही ग्रंथी टी पेशींची, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, शाळा. ती काढली तर प्रतिकारशक्ती लंगडी पडेल, एवढीच अपेक्षा असते. पण माद्यांची अंडाशये नष्ट झाली. १९६९ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापले गेले तेव्हा त्यांना हा हार्मोनचा प्रश्न वाटला होता. तो स्वतःच्याच अवयवावरचा हल्ला होता हे नंतर कळले. ग्रंथी सातव्या दिवशी काढली तर असे काही होत नसे. म्हणजे पहिल्या आठवड्यात थायमसमधून आवर घालणाऱ्या कसल्या तरी पेशी बाहेर पडत असणार. शिमोन साकागुची हा तरुण डॉक्टर या प्रयोगाने इतका भारावला की त्याच प्रयोगशाळेत दाखल झाला.

पुढची वर्षे त्याच्या विषयाला वाईट गेली. ‘सप्रेसर टी पेशी’ नावाने सत्तरच्या दशकात जो गाजावाजा झाला, त्यातला मुख्य रेणू ज्या जनुकातून यायला हवा होता ते जनुक डीएनएमध्ये त्या जागी सापडलेच नाही. सगळा विषय बदनाम झाला. दडपणाऱ्या पेशींचे नाव काढले की लोक हसत. साकागुचींनी चिकाटी सोडली नाही आणि १९९५ मध्ये सीडी२५ ही खूण असलेल्या आवर घालणाऱ्या पेशी ओळखून दाखवल्या.

त्याला जोड मिळाली ती टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथल्या उंदरांची. अणुबॉम्बच्या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या त्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकाच्या शेवटी काही नर पिल्ले खपल्या पडलेल्या कातडीची, सुजलेल्या प्लीहेची निपजली. ती काही आठवड्यांतच मरत. ‘स्कर्फी’ म्हणून ती जात जपून ठेवली गेली. नव्वदच्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावच्या एका औषध कंपनीत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एक्स गुणसूत्रावर दोष शोधायला घेतला. शोध वीस जनुकांपर्यंत आला, आणि दोष सापडला तो शेवटच्या, विसाव्या जनुकात. त्यांनी त्याला फॉक्सपी३ नाव दिले. २००१ मध्ये हेच जनुक बिघडलेली माणसांची मुलेही सापडली: जन्मल्यावर काही आठवड्यांतच मधुमेह, न थांबणारे जुलाब, अंगभर इसब. या आजाराला आयपेक्स म्हणतात, आणि जन्मजात प्रतिकारदोषांच्या यादीत तो बसतो. कारण आवर घालणे हेही प्रतिकारयंत्रणेचे काम आहे, आणि इथे तेच करणारी फळी गायब असते. आवर घालणाऱ्या पेशी याच जनुकावर घडतात, हे २००३ पर्यंत पक्के झाले. साकागुची, ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले ते यासाठी.

सगळ्याच कमतरता आवर सुटल्याने घातक होतात असे नाही. काहींत साफसफाई थांबते. रक्तात सी१क्यू नावाचे प्रथिन असते. जंतूंवर खूण करण्याबरोबरच रोज मरणाऱ्या पेशींचे अवशेष उचलायला ते मदत करते. गल्लीत घंटागाडी आठवडाभर आली नाही की जे होते, तेच ते नसलेल्या शरीरात होते: पेशींच्या आतला माल उघड्यावर पडतो, त्यात डीएनएही असते, आणि यंत्रणा त्यालाच परके समजून प्रतिपिंडे बनवू लागते. जन्मतः सी१क्यू नसलेल्या बहुतेकांना ल्युपस, म्हणजे अशी प्रतिपिंडे अनेक अवयवांवर उलटणारा आजार, किंवा त्यासारखे काही होते. अशा दोषात आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेले जनुक यावे लागते. नात्यात लग्ने होतात तिथे म्हणूनच अशी मुले जास्त जन्मतात, आणि मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या आपल्या घरांनाही हे लागू आहे.

उलट दिशेचेही एक उदाहरण आहे, आणि मला ते सगळ्यांत बोलके वाटते. फिनलंडमध्ये तुलनेने जास्त दिसणाऱ्या एका आजारात एअर नावाचे जनुक बिघडलेले असते. हे जनुक थायमसमध्ये शरीरातल्या निरनिराळ्या अवयवांची प्रथिने थोडी थोडी तयार करून टी पेशींना दाखवते, आणि त्यांवर उठणाऱ्या पेशी तिथेच छाटल्या जातात. ते बिघडले की ॲड्रिनल, पॅराथायरॉइड अशा ग्रंथींवर हल्ला होतो. याच रुग्णांच्या तोंडात बुरशीही वर्षानुवर्षे हटत नाही. हे दोन्ही एकत्र का, याचे उत्तर २०१० मध्ये मिळाले: त्यांचे शरीर बुरशीला रोखणाऱ्या इंटरल्युकिन १७ आणि २२ या स्वतःच्याच संदेशवाहकांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. इथे ऑटोइम्यून आजारच कमतरता घडवतो. कोविडमध्ये हेच पुन्हा दिसले. २०२० मध्ये जीवघेण्या कोविडच्या ९८७ रुग्णांत १०१ जणांच्या रक्तात विषाणूंना रोखणाऱ्या स्वतःच्याच टाइप १ इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली.

उपचार यामुळे बदलले. सीटीएलए४ हे प्रथिन टी पेशींना थांबवते. २०१४ मध्ये ते अर्धेच तयार होणारी कुटुंबे सापडली: प्रतिपिंडे कमी, छातीचे संसर्ग, आणि जोडीला रक्तपेशी व आतड्यांवर हल्ला. त्यांना उपयोगी पडले ॲबाटासेप्ट, म्हणजे त्याच प्रथिनाच्या तुकड्यापासून बनवलेले आमवाताचे औषध. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ती दाबणारे औषध द्यायचे, हे तीस वर्षांपूर्वी कुणी लिहून दिले असते तर वरिष्ठांनी कागद परत पाठवला असता.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे अशा दोषांचे निदान होते; चंदीगडच्या पीजीआयचे कामही मोठे आहे. पण पुष्कळ मुले आधी पोहोचतात ती गावच्या बालरोगतज्ज्ञाकडे किंवा रक्तविकारतज्ज्ञाकडे, प्लेटलेट घसरल्या म्हणून. प्लेटलेट आणि तांबड्या पेशी दोन्ही एकाच वेळी नष्ट होत असतील, आधी वारंवार न्यूमोनिया किंवा कान फुटणे झाले असेल, किंवा घरात एखादे भावंड लहानपणी संसर्गाने गेले असेल, तर इम्युनोग्लोब्युलिनची पातळी मोजायला हवी. ही तपासणी मोठ्या लॅबमध्ये होते आणि जनुकीय तपासणीच्या मानाने स्वस्त असते. ती स्टेरॉइड आणि विशेषतः रिटुक्सिमॅब सुरू होण्याआधी करावी लागते. रिटुक्सिमॅब हे औषध बी पेशी, म्हणजे पुढे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी, मारते. नंतर पातळी कमी निघाली तर ती मुळातच कमी होती की औषधाने झाली, हे ठरवायला पुढे महिने जातात.