आगमनकाळाची आशा कुठून आली?

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार असलेला तयारीचा काळ. त्याच्या पहिल्या रविवारी अनेक चर्चमध्ये गोठा, मेंढपाळ, तारा यांतलं काहीच वाचलं जात नाही. वाचला जातो तो शेवटच्या दिवसांविषयीचा उतारा, काही वर्षी लूकच्या शुभवर्तमानातला : खवळलेला समुद्र, डळमळणारं आकाश, भीतीने गर्भगळीत झालेली माणसं. नाताळच्या तोंडावर हे कशाला, असं अनेकांना वाटतं. मला मात्र हाच या काळाचा खरा उंबरठा वाटतो.

सुरुवात साधी होती. इ. स. ३८०मध्ये स्पेनमधल्या सारागोसा येथील धर्मसभेने १७ डिसेंबर ते ६ जानेवारी असे २१ दिवस चर्चला न चुकता येण्याचा नियम केला. पुढे गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत उपवास धरण्याची प्रथा पडली. ‘अ‍ॅडव्हेंट’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘आदवेंतुस’वरून आला. ‘आदवेंतुस’ म्हणजे आगमन. सम्राट नगरात येई त्या प्रसंगालाही हाच शब्द होता. ख्रिस्ती लोकांनी तो गव्हाणीत निजलेल्या बाळासाठी घेतला, आणि पुन्हा येणाऱ्या प्रभूसाठीही.

सहाव्या शतकाच्या अखेरचं रोम डोळ्यांसमोर आणा. ५८९मध्ये टायबर नदीला पूर आला, पाठोपाठ महामारी आली आणि ५९०मध्ये पोप दुसरे पेलाजियस तिला बळी पडले. इटलीत घुसलेल्या लोंबार्ड टोळ्यांची भीती होतीच. पेलाजियस यांच्या जागी आलेल्या पोप ग्रेगरींनी लूकच्या २१व्या अध्यायावर, म्हणजे खवळलेल्या समुद्राच्या त्याच उताऱ्यावर, प्रवचन केलं. दोनच दिवसांपूर्वी वादळाने जुनी झाडं उन्मळून पडली होती, घरं कोसळली होती, चर्चसुद्धा पायापासून उखडली होती. संध्याकाळी धडधाकट असलेली, उद्याचे बेत करणारी किती माणसं त्याच रात्री ढिगाऱ्याखाली गेली, असं ग्रेगरींनी विचारलं. समोर बसलेल्यांनी ते ढिगारे पाहिलेले होते. त्यांनाच ग्रेगरींनी सांगितलं : डोकी वर करा, म्हणजे मनं आनंदित करा, तुमची सुटका जवळ आली आहे.

दुःखाला वळसा घालून ही आशा येत नाही. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ‘अंधकारात चालणाऱ्या’ लोकांमागेही अश्शूरी सैन्याने तुडवलेला गालील प्रांत आहे.

आगमनकाळात लावलं जाणारं मेणबत्त्यांचं चक्र बरंच अलीकडचं. १८३९मध्ये जर्मन धर्मोपदेशक योहान हिनरिख विखेर्न यांनी हॅम्बुर्गमधल्या आपल्या अनाथ-गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या जुन्या चाकावर २४ मेणबत्त्या लावल्या : वीस लहान लाल, चार मोठ्या पांढऱ्या. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं सारखी विचारत. रोज एक ज्योत वाढली की त्यांना उत्तर दिसायचं.

बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून नाझींनी कैद केलेले जर्मन पाळक दीट्रिख बोनहोफर यांनी नोव्हेंबर १९४३मध्ये मित्राला लिहिलं, की कोठडी आगमनकाळासारखीच असते. दार बंद असतं आणि ते फक्त बाहेरूनच उघडता येतं. पुढच्या वर्षी त्याच तुरुंगात येशूसंघीय धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प यांनी आगमनकाळावर चिंतनं लिहिली. हात बेड्यांत होते. लिहिलेले कागद धुण्याच्या कपड्यांतून लपवून बाहेर जात. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी दिलं गेलं. कागद तोवर बाहेर पोचले होते.