कानातले दोन सेकंद

भाची दहावीत आहे. कुणीतरी तिच्या बोटांचे ठसे घेऊन रंगीत रिपोर्ट हातात ठेवला: ‘ही मुलगी ऐकून शिकणारी.’ तेव्हापासून पुस्तक मिटलेलं, कानात इअरफोन आणि गच्चीवर फेऱ्या. ठशांवरून अभ्यासाची पद्धत सांगणं म्हणजे हात बघण्याचाच धंदा, फक्त स्कॅनर लावून. ऐकायची आवड खरी असू शकते. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं म्हणून जास्त लक्षात राहतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच संशोधन तपासून सांगितलं होतं.

मला खरी गंमत वाटते ती ऐकलेलं डोक्यात टिकतं कसं याची. माहिती काही क्षण डोक्यात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची कल्पना मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडली, तिच्यातून पुढे ‘ध्वनिचक्र’ आलं. त्याचे भाग दोन: आवाज साठवणारा कप्पा आणि मनातल्या मनात पुटपुटणारी जीभ. कप्प्यातला आवाज साधारण दोन सेकंदांत विरतो, म्हणून जीभ तो पुन्हा पुन्हा म्हणत राहते. दोन सेकंदांत म्हणून होईल तेवढंच टिकतं. शब्द लांबले की कमी मावतात. ‘दोन गुणिले तीन बरोबर सहा’पेक्षा ‘बे त्रिक सहा’ तोंडी बसतं, त्यामागे हेही असावं.

करून बघा. कुणाला तरी अनोळखी मोबाइल नंबर वाचायला सांगा आणि तुम्ही ‘राम राम राम’ म्हणत राहा. आकडे निसटतात, कारण जीभ अडकलेली. नंबर डोळ्यांनी वाचलात तरी तेच, कारण वाचलेलंही आपण मनात उच्चारूनच धरतो. म्हणजे या बाबतीत सगळेच कानाचे!

पण नुसतं ऐकलेलं वाहून जातं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दोनदा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४२ टक्के आठवला. एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. तेव्हा रेकॉर्डिंग दर पाच मिनिटांनी थांबवायचं आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत मोठ्याने सांगायचं. आकृत्या मात्र काढूनच बघायच्या.

भाचीने काल आजीला समोर बसवून अवशेषांगं, म्हणजे शरीरातले आता फारसे कामाचे न उरलेले अवयव, सांगितली. माकडहाड झालं, अक्कलदाढ आली. आजी म्हणाली, “कामाची नाही तर मेली उगवते कशाला?” भाचीने इअरफोन काढला आणि पुस्तक शोधायला गेली.