वर झाड, खाली पार्किंग

पॅरिसच्या पश्चिमेला, सेन नदी ओलांडली की ला देफाँस नावाची ऑफिसांची नगरी लागते. तिथे ग्रांद आर्श नावाचा एक अवाढव्य पोकळ चौकोन उभा आहे. उंची सुमारे ११० मीटर, आराखडा डॅनिश वास्तुरचनाकार योहान ओटो फॉन स्प्रेकेलसन यांचा, आणि उद्घाटन १९८९ साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या मुहूर्तावर. लूव्हरचा राजवाडा, ट्वीलरी बाग, शाँझ एलिझे रस्ता, आर्क द ट्रायम्फची कमान अशी जी सरळ रेषा पॅरिसकरांनी पिढ्यान् पिढ्या जपली, तिच्याच टोकाला हा चौकोन आहे. पण तो त्या रेषेला काटकोनात नाही, सहा अंशांहून किंचित जास्त तिरका आहे. मुळात लूव्हरही जवळपास तेवढाच तिरका आहे म्हणून हा कसा छान मेळ साधला, असं कौतुकानं सांगितलं जातं. खरं कारण मात्र अगदी रोकडं आहे. सुमारे तीन लाख टनांची इमारत पेलणारे खांब जमिनीत उतरवायचे होते आणि जमिनीखाली आधीच रेल्वेचं स्थानक आणि मोटारींच्या भुयारांची दाटी होती. खांब त्यांच्या मधल्या फटीत बसवायचे, तर इमारतच थोडी वळवावी लागली.

खाली काय आहे यावर वर काय उभं राहील हे ठरतं, हा नियम तीन लाख टनांच्या इमारतीला लागू झाला, तसाच तो झाडालाही लागू होतो. ऑफिसांच्या नगऱ्या हिरव्या करण्याची टूम सध्या जगभर आहे आणि बातम्यांत झाडांचे आकडे येत असतात: इतकी हजार लावली, तितकी लावणार. मला तो आकडा फारसा कामाचा वाटत नाही. एका झाडामागे किती घनमीटर माती आहे, हे कुणी सांगितलं तर पुढचं सगळं समजतं.

ला देफाँस हे याचं चांगलं उदाहरण आहे, कारण तिथे जमीन जवळजवळ नाहीच. १९५८ साली सरकारनं हा भाग विकसित करायला खास संस्था नेमली, आणि त्या काळच्या नगररचनेच्या आवडत्या कल्पनेनुसार गाड्या खाली, माणसं वर अशी विभागणी झाली. रस्ते, बसगाड्या, रेल्वे, पार्किंग, मालाची ने-आण असं सगळं खालच्या मजल्यांवर आणि त्यावर सुमारे ३१ हेक्टरांची पादचाऱ्यांसाठी सलग फरशी. फ्रेंच लोक तिला ‘दाल’ म्हणतात. आपल्या भाषेत स्लॅबच. ग्रांद आर्शपासून सेनकडे उतरत जाणाऱ्या या फरशीवर उभं राहिलं तर मोटार दिसत नाही, हॉर्न ऐकू येत नाही. दिवसाला दीड-पावणेदोन लाख माणसं कामाला येतात अशा ठिकाणी ही चैन लहान नव्हे. मात्र पायाखाली माती नाही, आहे ते कोणाच्या तरी डोक्यावरचं छत.

आता हिशेब करू. झाडाच्या पालवीनं जेवढी जमीन झाकली जाईल, त्या दर चौरस मीटरमागे साधारण ०.६ घनमीटर माती मुळांना मिळायला हवी, असा एक ठोकताळा झाडांचे जाणकार वापरतात. आठ मीटर व्यासाची पालवी म्हणजे ५० चौरस मीटर सावली, म्हणजे ३० घनमीटर माती. ओली माती घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते. म्हणजे बऱ्यापैकी सावली देणाऱ्या एका झाडाखाली पन्नासेक टनांचं ओझं, आणि झाडाचं स्वतःचं वजन वेगळंच. मीटरभर जाडीचा ओल्या मातीचा थर दर चौरस मीटरवर पावणेदोन टन भार टाकतो. नेहमीच्या ऑफिसचा मजला माणसं-टेबलं मिळून चौरस मीटरला २५० ते ४०० किलो धरून आखलेला असतो. हा फरक टक्क्यांचा नाही, चौपट-सातपटीचा आहे. जुन्या स्लॅबवर ‘नंतर झाडं लावू’ हे म्हणूनच जमत नाही. इंजिनिअर आधी नकाशा मागतो, खांब कुठे आहेत ते बघतो आणि मोठी झाडं खांबांच्या नेमकी डोक्यावर आणि झुडपं-गवत मधल्या भागात असं ठरवतो. चांगल्या आराखड्यात झाडांची जागा आधी खालच्या तुळया-खांबांनी सांगितलेली असते. शोभेचा विचार त्यानंतर.

माती हलकी करण्याचे मार्ग आहेत. ज्वालामुखीचे सच्छिद्र खडे, भट्टीत फुगवलेल्या चिकणमातीच्या गोळ्या, विटांचा चुरा असं मिसळून वजन बरंच खाली आणता येतं. उंचवटे हवे असतील तर आत थर्मोकोलसारख्या फोमचे मोठे ठोकळे रचतात आणि वर मातीचा थर देतात. शिकागोचं मिलेनियम पार्क २००४ साली खुलं झालं. तेही रेल्वेमार्ग आणि पार्किंगच्या डोक्यावरच आहे आणि तिथे हा फोम भरपूर वापरलाय. पण हलकी माती पाणी कमी धरते, आणि फोम पाणी धरतच नाही. वजनात वाचवलेलं पुढे पाण्याच्या बिलात भरावं लागतं.

पाण्याचा मुद्दा जरा सावकाश बघायला हवा. जमिनीतल्या झाडाला उन्हाळ्यात वरची माती वाळली तरी खालून थोडी ओल मिळत राहते. स्लॅबवरचं झाड म्हणजे कितीही मोठी असली तरी कुंडी. खालून काही येत नाही, आणि वरून जास्त आलं तर बाहेर जायला वाट लागते, नाहीतर मुळं कुजतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. चांगल्या मातीचं निम्मं आकारमान पोकळ्यांचं असतं, त्यात काही पाणी, काही हवा. म्हणून स्लॅबवर थर एकावर एक येतात: सगळ्यात खाली पाणी अडवणारं आवरण, त्यावर मुळं रोखणारं आवरण, मग निचऱ्याचा थर, मग माती खाली वाहून जाऊ न देणारं गाळणीचं कापड, आणि मग कुठे माती.

यातलं सगळ्यात नाजूक दुखणं म्हणजे वॉटरप्रूफिंग. कोणत्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत टेरेसच्या गळतीवर जितका वेळ जातो, तितका दुसऱ्या कशावर जात नसेल. मुळं काँक्रीट फोडून घुसतात असा समज आहे. पण गिरमिटासारखं भोक पाडणं त्यांना जमत नाही. जिथे सांधा नीट बसलेला नाही, जिथून थोडी ओल झिरपते, तिथे केसाएवढं मूळ शिरतं आणि मग जाड होत जातं. जर्मनीत अशा आवरणांची चाचणी प्रत्यक्ष झाडं लावूनच करतात: एक काटेरी झुडूप आणि एक हरळीसारखं चिवट गवत त्यावर दोन वर्षं वाढू द्यायचं, मग सगळं उपसून एकेक सांधा तपासायचा. तरीही ही आवरणं अमर नसतात. काही दशकांनी ती बदलायची वेळ येते, आणि बदलायची म्हणजे वरची माती, आणि तोवर छान वाढलेली झाडं, हलवायची. ला देफाँससारख्या ठिकाणी नूतनीकरणाचा मोठा भाग हाच असतो. वरून नवी बाग दिसते, पण कामाची सुरुवात गळतीपासून झालेली असते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. पॅरिसमध्ये २५ जुलै २०१९ रोजी पारा ४२.६ अंशांवर गेला, आजवरचा तिथला उच्चांक. अशा दिवशी उघडी फरशी दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते परत सोडते. झाड दोन कामं करतं. पहिलं सावली. दुसरं म्हणजे पानांतून पाणी हवेत सोडणं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या हिशेबानं सुमारे ०.६८ युनिट इतकी उष्णता लागते आणि ती आसपासच्या हवेतून घेतली जाते. पाण्याची चणचण नसलेल्या मोठ्या झाडानं कडक उन्हाच्या दिवशी १०० लिटर सोडलं, तर ६८ युनिट झाली. दीड टनाचा एसी तेवढी उष्णता खोलीबाहेर काढायला तेरा तास घेईल.

हे गणित ऐकायला गोड आहे, पण त्याला दोन अटी आहेत. पाणी नसेल तर झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं आणि हा एसी बंद पडतो, तोही नेमका जेव्हा हवा असतो तेव्हा. आणि हवा आधीच दमट असेल, म्हणजे मुंबईत असतो तसा मे महिना, तर वाफ होण्याचा वेग मंदावतो. शिवाय मोकळ्या जागेत गार झालेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते, त्यामुळे थर्मामीटरवर फरक एखाद-दोन अंशांचाच दिसतो. माणसाला जो आराम वाटतो, त्यातला मोठा वाटा सावलीचा असतो. डोक्यावर ऊन नाही आणि पायाखालची फरशी तापून वर उष्णता फेकत नाही, हा फरक अंगाला लगेच कळतो. म्हणून कारंजी आणि हिरवळीपेक्षा उंच, पसरट झाडाला मी आधी मत देईन.

ऑफिसांच्या नगरीत वाराही त्रास देतो. जमिनीपासून जितकं वर जावं तितका वारा जोरात असतो. तो टॉवरच्या रुंद भिंतीवर आदळला की काही भाग वरून निघून जातो, पण बराचसा भिंतीवरून खाली घसरतो आणि पायथ्याशी, विशेषतः कोपऱ्यांवर, वेगानं बाहेर पडतो. तिथे भिंत बांधली तर मागे भोवरे तयार होतात. अर्धवट झिरपू देणारा अडथळा जास्त चांगला, आणि दाट झुडपं व झाडं तेच करतात. पण त्याच वाऱ्यानं स्लॅबवरचं झाड उलथूही शकतं, कारण त्याची मुळं खोल जायला जागा नसते. मग मुळांचा गोळा मातीखालच्या जाळीला तारांनी बांधतात. वरच्या मातीचंच वजन मग नांगर ठरतं.

ला देफाँसच्या फरशीवर झाडं नव्हती असं नाही. १९७८ च्या सुमारास अमेरिकन उद्यानरचनाकार डॅन कायली यांनी तिथे प्लेन झाडांच्या रांगा आखल्या. प्लेन म्हणजे काश्मिरी चिनाराचा भाऊबंद. छाटणी, धूळ, कमी माती हे सगळं सोसणारा. चाळीस वर्षांनंतर ही संपूर्ण मधली फरशी बागेत बदलण्याचं काम मिशेल देविन्य या फ्रेंच उद्यानरचनाकाराकडे आलं. त्यांनी कायलींच्या रांगा मोडल्या नाहीत. त्या पायाभूत धरून आजूबाजूची फरशी उचलायची आणि तिथे झुडपं, गवत, लहान झाडांचे दाट पट्टे आणायचे, असा तो आराखडा आहे. मला यातली समज आवडते. चाळीस वर्षं स्लॅबवर टिकलेलं झाड नव्यानं आणता येत नाही. शिवाय झाडांभोवतीची, फरशीखाली दबलेली माती उघडी झाली की पावसाचं पाणी गटाराऐवजी मुळांकडे जातं. ३१ हेक्टरांवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१ लाख लिटर पाणी, आणि फरशी त्यातलं जवळजवळ सगळं लगोलग नाल्यात ढकलते.

जिथे झाडांच्या मुळांवरून माणसं आणि गाड्याही जाणार, तिथे वेगळा उपाय लागतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक मिश्रण तयार केलं: सुमारे चार भाग खडी, एक भाग चिकण पोयटा, आणि दोन्ही चिकटून राहावेत म्हणून थोडा जेल. खडी एकमेकीला टेकून रस्त्याचा भार पेलते, मधल्या पोकळ्यांत माती सैल राहते आणि मुळं तिथून वाट काढतात. स्टॉकहोममध्ये मुठीएवढ्या दगडांत कोळशाचा चुरा घालून हेच साधलंय. नेहमीचा रस्ता करताना रोलर फिरवून माती इतकी दाबतात की मुळाला शिरायला फट उरत नाही. मग ते फरशीच्या लगेच खाली, सांध्यातल्या ओलीच्या मागे जातं आणि फूटपाथ उचलला जातो. त्याचा दोष झाडाला देतात.

आपल्याकडे हा विषय ‘पोडियम गार्डन’ या नावानं घराघरांत पोचलाय. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या टॉवरच्या जाहिरातीत पार्किंगच्या डोक्यावरची ही बाग असतेच, आणि तिच्यात ताड-माडांची जातही. त्याला कारण आहे. पामांची मुळं बारीक, एकसारख्या जाडीची असतात, गुच्छात राहतात, जाड होऊन काही उचकटत नाहीत, आणि पूर्ण वाढलेला पाम क्रेननं आणून लावला तरी तगतो. उद्घाटनाच्या दिवशीच बाग तयार दिसते. सावली मात्र पाचूच्या अंगठीएवढी. वडा-पिंपळाला पोडियमवर जागा मिळणं शक्य नाही, पण भरवशाच्या खोलीची माती दिली तर बहावा किंवा कांचन नक्की चालेल.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला होता. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की विकास नियमांनी ठरवलेली किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच द्यायला हवी, पोडियमवर देऊन भागणार नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात तर मिठीकाठच्या दलदलीवर भराव घालून का होईना, जमीन आहे. तळघरातलं पार्किंग प्लॉटच्या कडेपर्यंत ताणलं नाही, तर तिथे झाडांच्या मुळांना खरी माती मिळू शकते. जवळच्याच सांताक्रूझला नोंदलेला २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस कुठल्याही मातीच्या आवाक्याबाहेरचा होता हे खरं. पण रोजच्या पावसाचं पाणी जिरवायला तेवढी माती पुरते.

आणि मुंबईकरांना स्लॅबवरची बाग नवी नाही. मलबार हिलचं हँगिंग गार्डन, जिथे मुलांना प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं दाखवायला नेतात, ते पाण्याच्या टाकीच्या छतावर आहे. टाकी १८८० च्या दशकातली. ती पाडून नवी बांधायचा प्रस्ताव अलीकडे पुढे आला, तेव्हा शेकडो झाडं जाणार म्हणून रहिवाशांनी विरोध केला. मग टाकी खरंच पाडायला हवी की दुरुस्तीनं भागेल, हे ठरवायला तज्ज्ञांना तिचे कप्पे एकेक करून रिकामे करून आत उतरावं लागलं आणि बागेचं छत खालून तपासावं लागलं.